उपटू नका, उचला

शेताच्या बांधावरचा एखादा जुना कुंपणाचा डांब दोन्ही हातांनी धरून हलवून बघा. हलतो. पुढे जातो, मागे येतो, बुडाशी बोटभर फटसुद्धा दिसते. वाटतं, एक हिसका दिला की आलाच हातात! मग त्याला मिठी मारायची, गुडघे वाकवायचे, दातओठ खात सगळा जीव एकवटून वर ओढायचं. डांब ढिम्म. जरा दम खाऊन, आणखी तिघांना हाताशी घेऊन पुन्हा. पुन्हा ढिम्म. कमरेत उसण मात्र भरते.

आता गंमत बघा. या डांबाचं वजन असून असून किती असेल? चार इंच जाडीचा, साडेसहा फूट लांबीचा बाभळीचा सोट वाळला की बारा-पंधरा किलोचा. आडवा पडलेला असता तर तुम्ही तो खांद्यावर टाकून गाणं म्हणत घरी नेला असता. इथे तो उभा आहे आणि दोन फूट जमिनीत आहे, एवढाच फरक. मग चौघांना दाद न देणारी ही ताकद येते कुठून?

मातीतून. आणि ती किती सोप्या हिशेबातून येते हे पाहिलं की थक्क व्हायला होतं. चार इंची गोल डांबाचा दोन फूट भाग मातीत असेल, तर मातीला टेकलेलं त्याचं अंग भरतं सुमारे १,९०० चौरस सेंटिमीटर. समजा, दाबून बसलेली चिकण माती दर चौरस सेंटिमीटरला फक्त २०० ग्रॅमच्या जोराने त्याला धरून आहे. अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर २०० ग्रॅम. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट. पण गुणाकार करा: ३८० किलो. जवळजवळ चार क्विंटल! माती कुठेच जोर लावत नाही, ती फक्त सगळीकडून थोडं थोडं धरते.

याच्याही पुढचं नवल आता. हे ३८० किलो लागतात ते फक्त पहिल्या क्षणी. डांब जसजसा वर येतो तसतसं मातीत उरलेलं अंग कमी होतं, पकडही कमी होते आणि दोन फूट वर आला की शून्य. म्हणजे सरासरी १९० किलोचा जोर, दोन फूट अंतरापर्यंत. हे काम भरतं साधारण ११०० ज्यूल. जेवणाच्या ज्या कॅलरी आपण मोजतो, त्या हिशेबात पाव कॅलरीच्या आसपास. आपलं शरीर अन्नातल्या ऊर्जेचा पाचवा हिस्साच कामी लावतं असं धरलं, तरी फार तर सव्वा-दीड कॅलरी.

एका शेंगदाण्यात याहून जास्त ऊर्जा असते.

विश्वास बसतो? ज्या डांबापुढे चार गडी घामाघूम झाले, तो काढायला एक शेंगदाणा पुरतो! मग घोडं अडतं कुठे? ऊर्जेत नाही, जोरात. आपल्याला देणं हप्त्याहप्त्याने परवडतं, डांबाला मात्र रक्कम एकरकमी हवी असते. जुने डांब काढायची जेवढी म्हणून घरगुती अवजारं गावोगावी, देशोदेशी लोकांनी बनवली, त्या सगळ्यांचा धंदा एकच: आपल्याकडून छोटे हप्ते घ्यायचे आणि डांबाला थोक रक्कम द्यायची.

सगळ्यात जुनं आणि सगळ्यात स्वस्त अवजार म्हणजे एक लांब दांडा, एक दगड आणि साखळीचा तुकडा. शाळेत तरफ शिकताना टेकू, भार आणि बल हे तीन शब्द पाठ केले होते, ते इथे घाम गाळताना दिसतात. सहा फुटांचा मजबूत पाइप घ्या. टेकू एका टोकापासून सहा इंचांवर ठेवा. आखूड टोकाला साखळी, साखळीत डांब. तुमच्या बाजूला साडेपाच फूट, डांबाच्या बाजूला अर्धा फूट, अकराला एक. आता ३८० किलोंच्या पहिल्या झटक्यासाठी तुमच्या हातांना लागतात अवघे ३५ किलो. पाइपवर नुसतं रेलून उभं राहिलं तरी तेवढं वजन पडतं. बदल्यात हात अडीच फूट खाली जातो तेव्हा डांब पावणेतीन इंच वर येतो. आठ-नऊ दाब, की डांब बाहेर.

टेकूकडे मात्र नीट बघा, कारण नवशिक्याची फजिती तिथेच होते. टेकूवर डांबाचा भारही पडतो आणि तुमचा जोरही. ३८० अधिक ३५, म्हणजे चारशेहून जास्त किलो, आणि तेही दगडाच्या एका टोकावर. मऊ जमिनीत तो दगड सरळ आत घुसतो. तुम्ही दाबत राहता, डांब जागेवर आणि टेकूच पाताळात! म्हणून जाणते लोक दगडाखाली फळी घालतात. फूटभर लांब-रुंद फळी टाकली की तोच भार पसरतो आणि माती बिनतक्रार झेलते. गंमत अशी की मघाशी जिने पसरून धरण्याच्या जोरावर आपल्याला हरवलं, त्याच मातीला आता आपण भार पसरून देतो आणि कामाला लावतो.

आता साखळी. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातलं सर्वांत सुंदर रहस्य इथे आहे आणि त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. गुळगुळीत, उभ्या, लोखंडी अँगलच्या डांबाला साखळी गुंडाळून वर ओढली तर ती घसरत वर यायला नको का? खाच नाही, गाठ नाही, खिळा नाही. तरी ती घट्ट बसते. कशी?

हे उमजायला तालुक्याच्या गावातलं कुठलंही वेल्डिंगचं दुकान बरं. तिथे अँगल काढायला जो ‘चिमटा’ म्हणून बनवून मिळतो तो प्रत्यक्षात चिमटा नसतोच. तळहाताएवढी, तीन सूत जाडीची लोखंडी प्लेट. तिला गॅसने पाडलेलं एक भोक, अँगलच्या मापाहून जरासं मोठं. भोकापासून लांबच्या कडेला साखळीची एक कडी वेल्ड केलेली. बस. ही प्लेट वरून अँगलमध्ये घालायची; ती सुळकन बुडापर्यंत उतरते. आता कडीची बाजू वर ओढा. प्लेट तिरकी होते आणि तिरकी होताच भोकाच्या दोन समोरासमोरच्या कडा अँगलला दोन बाजूंनी चावतात. ओढ वाढवा, चावा वाढतो. सोडा, प्लेट पुन्हा सुळकन खाली. एकही फिरता भाग नाही, स्प्रिंग नाही, स्क्रू नाही.

आणि आता तोंडात बोट घालायची वेळ. ही पकड टिकणार की निसटणार, हे तुम्ही किती जोराने ओढता यावर मुळीच अवलंबून नाही! पकडणारा जोर ओढीतूनच जन्मतो, त्यामुळे ओढ दुप्पट झाली की पकडही दुप्पट. पाच किलोंना न घसरलेली प्लेट लोखंड फाटेपर्यंत घसरत नाही आणि जी घसरायची ती पहिल्याच दाबाला घसरते. ठरतं ते फक्त आकारावर. कडी अँगलपासून जितकी लांब, तितका चावा पक्का. भोक फार ढगळ झालं तर प्लेट नको तेवढी कलते आणि चावा सुटतो. फार घट्ट झालं तर ती खाली उतरतच नाही. हे सगळं गणित वेल्डरने कागदावर कधी मांडलेलं नसतं. पण कुणी हौशी गिऱ्हाईक कानस घेऊन भोकाच्या धारदार कडा साफ करायला लागलं, की वेल्डर हातातली होल्डर खाली ठेवून ओरडतो, “कडा घासू नका दादा, त्याच तर चावतात!”

साखळीचा सैलसर फास हेच करतो. म्हणून तो आवळून बांधायचा नसतो, थोडा सैल ठेवायचा असतो. कलायला जागा मिळाली तरच तो चावतो. अँगलला तारेसाठी भोकं पाडलेली असतील तर आणखी सोपं: जमिनीलगतच्या भोकात एक जाड बोल्ट घाला आणि साखळी त्याखाली अडकवा.

इथवर सगळं हातांनी चाललं. पण बांधावर शे-दीडशे डांब असतील तर? तर दारात उभा असलेला ट्रॅक्टर आठवतो आणि त्याबरोबरच सर्वांत मोठी चूक घडते. साखळी डांबाच्या वरच्या टोकाला बांधायची, दुसरं टोक ट्रॅक्टरला आणि घाल गिअर. काय होतं? लाकडी डांब काडकन जमिनीशी मोडतो. सिमेंटचा पोल तडकून त्यातल्या सळ्या बाहेर येतात. लोखंडी अँगल कोपरात वाकतो. जमिनीतलं बूड मात्र तिथेच, आता तर धरायलाही काही नाही. कारण उघड आहे. चार फुटांवरून आडवं ओढलं की डांब स्वतःच तरफ होतो आणि सगळा भार जमिनीलगतच्या त्या एका रेषेवर येतो. अकरापट जोराची जी जादू मघाशी आपल्या बाजूने होती, ती आता डांबावरच उलटते. डांबाला बाहेर यायचा रस्ता एकच आहे, ज्या रस्त्याने तो आत गेला तोच. सरळ वर.

पण ट्रॅक्टर तर आडवाच ओढणार! आडवी ओढ उभी करायची कशी?

हा प्रश्न आपल्या पणजोबांनी सोडवलेला होता. मोट आठवा. विहिरीतून पाण्याने भरलेली मोट सरळ वर यायला हवी आणि बैल काही आकाशात चालत नाहीत. मग विहिरीच्या काठावर उंच एक चाक, त्यावरून नाडा, नाड्याच्या एका टोकाला मोट आणि दुसऱ्या टोकाला बैलजोडी. बैल विहिरीकडे पाठ करून धावेवरून चालत जायचे आणि तिकडे मोट वर यायची, थारोळ्यात रिकामी व्हायची. धाव उतरती का असायची? बैलांचं स्वतःचं वजनही ओढीत सामील व्हावं म्हणून! केवढा विचार आहे बघा एका मातीच्या उतारात.

डांब काढणाऱ्यांनी चाक उचललं आणि डांबाशेजारी आणून ठेवलं, इतकंच. टायर काढलेली जुनी रिम भंगारात मिळते. ती डांबाला खेटून, ट्रॅक्टरच्या बाजूला उभी करायची. साखळी डांबाच्या बुडाशी, अगदी मातीलगत अडकवायची, तिथून वर घेऊन रिमच्या खोबणीत बसवायची आणि माथ्यावरून पलीकडे ट्रॅक्टरला न्यायची. ट्रॅक्टर हळूच पुढे सरकला की साखळी डांबाजवळ सरळ उभी ताणली जाते आणि डांब आज्ञाधारकपणे वर येतो. पूर्ण निघाला की रिम पुढे गडगडते आणि डांब तिच्यामागे आडवा होतो. ज्या खोबणीत टायर बसायचा तीच साखळीला घसरू देत नाही. जणू कारखान्याने ती याच कामासाठी पाडली होती. रिम नसेल तर जाड फळी डांबावर कलती ठेवून, तिच्या वरच्या टोकाला खाच पाडून साखळी त्यावरून नेतात. ट्रॅक्टर ओढू लागला की फळी उभी होत जाते आणि उभी होता होता डांबाला घेऊन वर येते.

इथे कौतुक थोडं थांबवून एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. साखळी ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या ड्रॉबारलाच अडकवायची; वरच्या लिंकला किंवा एक्सलच्या वर कुठेही नाही. ओढीचा बिंदू उंच गेला आणि डांब हटून बसला, तर मागची चाकं जागेवर थांबतात आणि ट्रॅक्टर स्वतःच त्यांच्याभोवती वर फिरतो. पुढची चाकं उचलली गेल्यापासून सावरायला मिळणारा वेळ एका सेकंदाहूनही कमी असतो. क्लचपर्यंत पाय पोचत नाही. नायलॉनचा दोर तर या कामाला आणूच नये. तो ताणला जातो, ताणात ऊर्जा साठवतो आणि तुटला की ती सगळी एका क्षणात मोकळी करतो. साखळीवर ओलं पोतं टाकावं आणि पोराबाळांना साखळीच्या लांबीहून बरंच लांब उभं करावं.

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर नाही ते ट्रकवाल्याकडून दोन बाटली जॅक मागून आणतात. डांबाच्या दोन्ही बाजूंना एकेक जॅक, खाली फळी, वर आडवा लोखंडी तुकडा, त्याला साखळीने बांधलेला डांब. आळीपाळीने दांडे हलवायचे. हातात मावणारी ती बाटली आत काय करते? आत तेल आहे आणि दोन दट्टे आहेत, एक बारीक, एक जाड. समजा बारीक एक सेंटिमीटर रुंद आणि जाड चार सेंटिमीटर. रुंदी चौपट, पण तोंडाचं क्षेत्रफळ सोळा पट आणि तेल सगळीकडे सारखाच दाब देतं, म्हणून जोर सोळा पट. शिवाय दांडा स्वतः तरफ. तो पंधरा पट देत असेल तर एकूण २४० पट. दोन किलोंचा दाब, ४८० किलोंची उचल! इंग्लंडच्या जोसेफ ब्रामाने या तत्त्वावरच्या यंत्राचं पेटंट १७९५ साली घेतलं. त्याची अडचण मात्र तेल-पाण्याच्या दाबाची नव्हती, गळतीची होती. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी बाहेर. उपाय निघाला चामड्याच्या वाटीसारख्या वळवलेल्या पट्टीचा. तिचं श्रेय ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेला दिलं जातं. आतला दाब वाढला की तोच त्या चामड्याची कड भिंतीवर दाबतो आणि फट बंद होते. दाब जितका जास्त, झाकण तितकं घट्ट. वेल्डरच्या त्या भोक पाडलेल्या प्लेटचीच ही युक्ती, नाही का? शत्रूलाच पहाऱ्यावर बसवायचं!

अमेरिकेत डांब काढायला लोक हमखास वापरतात तो उंच दांड्याचा, खटक्या-खटक्याने वर चढणारा हाय-लिफ्ट जॅक. तो १९०५ पासून बनतो आहे. तिकडे या कामाची एवढी अवजारं का निघाली, याला कारण आहे. १८७४ साली इलिनॉयमधल्या डीकाल्ब गावच्या जोसेफ ग्लिडनने काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि झाडं नसलेल्या त्या अफाट माळरानांवर मैलोन्‌मैल कुंपणं उभी राहिली. तार आली तिथे डांब आले आणि डांब आले तिथे ते कधीतरी काढणंही आलं. आपल्याकडची जुनी कुंपणं बाभळीच्या फेसाटीची, घायपाताची, शेराची. ती जळून, वाळून, चरून संपायची. उपटायचा प्रश्नच नव्हता.

बरं, जोर लावण्याआधी मातीशी थोडी बोलणी करता येतात का? येतात. खुंटा हलवून घट्ट करतात हे आपण सगळे जाणतो. मग काढतानाही लोक डांब हलवतात, ते कसं? तीच क्रिया एकदा घट्ट करते आणि एकदा सैल! फरक ओढीच्या दिशेत आहे. वरून ठोकत हलवलं तर फटीत माती सांडते आणि दबून बसते. वर ओढ कायम ठेवून हलवलं तर सुटलेला प्रत्येक दाणा डांबाला वर सरकायला वाव देतो. म्हणून आधी साखळी ताणायची, मग डांब हलवायचा. उलट क्रमाने केलं तर तुम्ही काढत नसता, रोवत असता.

गोल डांब असेल तर त्याहून भारी उपाय आहे: पिळा. गुरांचा खुंट काढताना शेतकरी तो आधी का फिरवतो? घर्षणाचा स्वभाव मोठा मजेदार आहे. ते वस्तू ज्या दिशेने सरकते नेमकं त्याच्या उलट उभं राहतं आणि त्याच्याकडे जोर ठरावीकच असतो. डांब गोल फिरायला लागला की मातीचा जवळजवळ सगळा विरोध त्या फिरण्याला अडवण्यात खर्च होतो. वरच्या दिशेला पहारेकरीच उरत नाही! अशा वेळी अगदी थोड्या ओढीनेही डांब वर सरकतो. डांबाला साखळी गुंडाळून तिच्यात पहार अडकवायची आणि जात्यासारखी फिरवायची, की काम झालं. अँगलला मात्र हे चालत नाही. त्याच्या कोपऱ्यात माती भरलेली असते आणि फिरवायचं म्हटलं की ती सगळी सोबत फिरवावी लागते. पुलाच्या पायासाठी जमिनीत ठोकलेले लांब लोखंडी पत्रे काढताना क्रेनला थरथरणारं यंत्र टांगतात, ते याच जातीचं. सेकंदाला कित्येकदा थरथरवलं की मातीला धरायला उसंत मिळत नाही.

पाण्याचं काय? आदल्या संध्याकाळी बुडाशी दोन घागरी पाणी ओतलं तर चिकण माती मऊ होते, पकड ढिली पडते. पण फार पाणी झालं आणि घाईने ओढलं, तर नवीनच भानगड. डांब वर सरकतो, खाली पोकळी होते, भोवतीचा चिखल हवा आत जाऊ देत नाही. आता डांबाला खाली दाबतंय कोण? आभाळ! हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. चार इंची बुडाला जवळजवळ ऐंशी किलो. भातलावणीत पाय झटक्याने उपसायला गेलं की तो आणखी रुततो, तो हाच अनुभव. उपाय दोन्हीकडे एकच: सावकाश, जरा कडेने हवा आत घेत.

काळ्या मातीत तर ऋतू बघूनच हात घालावा. ही माती पाण्याने फुगते आणि सुकली की आक्रसते. मे महिन्यात तिच्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि खालची ढेकळं दगडाला लाजवतात. वर्षानुवर्षांच्या या फुगण्या-आक्रसण्याने डांब कलतात, कधी वरही सरकतात. हीच माती घरंही उचलते आणि भिंतींना तडे पाडते. म्हणून रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनीसाठी तळाशी फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब विकसित केले. फुगवटा खांबाच्या अडीच पट रुंद आणि खोल, जिथे पावसा-उन्हाचा फेरा पोचत नाही तिथे. मातीने कितीही वर ओढलं तरी तो सुटत नाही. डांब चोरीला जाऊ नये म्हणून काही शेतकरी अँगलच्या बुडाला आडवी सळी वेल्ड करतात, तोच हा विचार. (असा अँगल काढायची पाळी आली तर तरफ-बिरफ विसरा, सरळ कुदळ घ्या.)

थंड देशांत मात्र निसर्ग स्वतःच डांब उपटतो. तिथे हिवाळ्यात जमीन गोठते आणि कुंपणाचे डांब वर्षाला थोडे थोडे वर येत राहतात. पाणी गोठून फुगतं, म्हणून? सगळ्यांना तसंच वाटायचं. पाणी गोठताना फुगतं ते जेमतेम नऊ टक्के. जमीन त्याहून कितीतरी जास्त उचलली जाते. अमेरिकन भूशास्त्रज्ञ स्टीफन टेबर यांनी १९३० च्या सुमारास एक भन्नाट प्रयोग केला. मातीत पाण्याऐवजी बेन्झीन भरलं. बेन्झीन गोठताना फुगत नाही, उलट आक्रसतं. तरीही माती वर उचलली गेली! म्हणजे करामत फुगण्याची नव्हतीच. गोठणारा थर खालून ओलावा ओढून घेतो, बर्फाच्या चकत्यांवर चकत्या चढतात आणि त्या वरची जमीन उचलतात. वरची गोठलेली माती डांबाला धरूनच असते, तीही त्याला घेऊन वर जाते. खाली पोकळी होते, तिच्यात माती ढासळते. उन्हाळ्यात बर्फ वितळतो, पण डांबाला परत जायला जागाच राहिलेली नसते. ना साखळी, ना तरफ, ना घाई.

राहता राहिले मोडलेले डांब. लाकूड नेमकं जमिनीलगतच का कुजतं? कुजवणाऱ्या बुरशीला ओल हवी आणि हवाही. वर हवा आहे पण ओल नाही, खोल ओल आहे पण हवा नाही. दोन्हींची गाठ पडते ती जमिनीच्या त्या दोन-चार इंचांत. म्हणून वरचा भाग ठणठणीत, खालचाही ठणठणीत आणि मधला भुसा. अशा खुंटाभोवती वीतभर खणा, घट्ट लाकूड लागलं की त्यात जाड आट्यांचा लांब स्क्रू पिळा आणि त्याला साखळी लावून तरफेने उचला. सिमेंटच्या गठ्ठ्यात बसवलेला डांब असेल तर आधी वजनाचा अंदाज घ्या: फूटभर लांब-रुंद आणि दीड फूट खोल गठ्ठा एकटाच शंभर किलोंच्या घरात जातो. तो चारही बाजूंनी मोकळा केल्याशिवाय जोर लावू नका.

आणि साखळी अडकवण्याआधी एकदा खात्री करा की तो डांबच आहे. मोजणीत बसवलेला हद्दीचा दगड हलवणं हा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार दंडपात्र गुन्हा आहे. तिथे तरफ कितीही चांगली चालली तरी उपयोग नाही. डांब निघाला की खड्डा मात्र त्याच दिवशी, माती थरावर थर ठोकून बुजवा. चार इंच रुंद, दोन फूट खोल भोक गवतात दिसत नाही आणि त्यात पाय गेलेलं वासरू उभं राहत नाही.